मातीच्या राजाची मांडी

आलंपाडीच्या एकांबरम कुंभारानं चाळीस वर्षांत चाळीस राजे घडवले, आणि चाळीसही त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले. चित्रै महिन्यात, अम्मन देवीच्या जत्रेच्या अठराव्या दिवशी, देवळामागच्या मैदानात तो तळ्याच्या मातीचा तीस हात लांब राजा उताणा निजवायचा. छाती अशी, की अलीकडच्या माणसाला पलीकडचा दिसू नये. कोळशाच्या मिशा, चुन्याचा मुकुट, डोळ्यांच्या जागी दोन पालथी गाडगी. शंभर भावांतला हा थोरला. पाच भावांचं राज्य गिळून बसला, वर त्यांच्या राणीला भरसभेत ओढत आणलं. ती राणीच आलंपाडीची अम्मन. याच्या मांडीचं रक्त लागेल तेव्हाच केस बांधीन, अशी तिची शपथ.

म्हणून सगळा खेळ मांडीवर. डाव्या मांडीत एकांबरम एक कमी भाजलेलं, पापडासारखं पातळ मडकं पुरायचा आणि त्यात हळद-चुन्याचं लालभडक पाणी भरायचा. अठराव्या सकाळी रात्रभर नाचलेले नट ओघळलेल्या रंगानिशी मैदानात उतरत. राजाचा वेष घेतलेला नट त्या मातीच्या देहावर चढून धावे, मागून गदावाला. मांडीवर पहिला घाव पडताच पुरुषभर उंच धार उडे. मग मोकळ्या केसांचा अम्मनचा वेष पुढं येई, ते लाल पाणी केसांना लावी, अंबाडा बांधी, आणि हजार माणसं एका घशानं ओरडत.

"नटाचा नेम चुकेल, माझं मडकं चुकत नाही," एकांबरम म्हणायचा. खोटं नव्हतं. दारू प्यालेल्या गदावाल्यानं एकदा गुडघ्यावर घाव घातला होता, तरी धार उडाली होती.

यंदा मात्र मातीत हात घातला की त्याला ओकारी यायची.

"पहिल्या वेळी पोटुशी होते तेव्हा मलाबी असंच व्हायचं," त्याची बायको अंजलै म्हणाली. "कितवा महिना, अहो?"

तो उठून कुंपणापाशी गेला आणि सकाळची आंबील ओकला.

कारण दोन महिन्यांपूर्वीचं होतं. आलंपाडी आणि पलीकडचं सेरनूर यांच्यात एकच तळं. सेरनूरवाले दोन हंगाम आलंपाडीच्या पाळीचं पाणी चोरत होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, सेरनूरवाल्यांनाही. आलंपाडीचा भात ओंबीतच पांढरा पडला. कारभारी तणिगाचलम तीनदा त्यांच्या दारी गेला. हा कारभारी काही वाईट माणूस नव्हता. दुष्काळाच्या साली स्वतःचं कोठार उघडून त्यानं गाव जगवलं होतं. सेरनूरवाल्यांनी त्याला ओट्यावर बसासुद्धा म्हटलं नाही. तेव्हा एका पहाटे वीस माणसं बांधावर गेली. एकांबरमही गेला. भांडण न्यायाचं होतं.

बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीवर सेरनूरचा पाटकरी सडैयन एकटाच होता. त्यांचा कारभारी सांगेल तेव्हा मोरी उघडायची, सांगेल तेव्हा लावायची, एवढंच त्याचं काम. बांधाकडं पाठ करून, मिरची चावत तो आंबील पीत होता. कुणीतरी मागून लोखंडी पहार घातली, मांडीवर.

"अजून एक!" वीस जण ओरडले. त्यात एकांबरमचाही आवाज होता.

दुसरा घाव पडला आणि त्यानं तो आवाज ऐकला. भट्टीतून काढलेल्या मडक्यावर टिचकी मारून चीर ओळखणारा त्याचा कान. आत चीर गेलेलं मडकं जसं भद्द बोलतं, तसं ते हाड बोललं. सडैयनच्या तोंडातली आंबील हनुवटीवरून खाली आली. त्यात मिरचीचा तुकडा होता. एकांबरमच्या डोळ्यांपुढून तो तुकडाच हलत नव्हता.

पाणी मिळालं. आणि मिळाल्या दिवसापासून गाव त्या पहाटेला नाव देऊ लागलं. आधी 'तळ्यावरची गोष्ट', मग 'लढाई', आणि जत्रेचा झेंडा चढेपर्यंत 'धर्मयुद्ध'.

जत्रेत रोज दुपारी गावचे पुराणिक कुप्पुरंगन वाध्यार पाच भावांच्या युद्धाची कथा वाचून सांगायचे. सतराव्या दुपारी कारभारी पारावरून म्हणाला, "वाध्यार, उद्या मांडीचा दिवस. नीट फोड करून सांगा लोकांना. अम्मनच्या माणसांनीसुद्धा मांडीच फोडली होती ना? मग आमच्या पोरांनी काय वेगळं केलं?"

"वेगळं कसं नाही? वीस जण एकावर गेले, ते काय गदायुद्ध करायला?" मागून एक म्हातारी बोलली. लोक हसले. कारभारीही हसला. 

लोक पांगल्यावर तो वाध्यारांपाशी जाऊन बसला.

"वाध्यार, खरं सांगा. युद्ध धर्माचं असतं का?"

"कारण धर्माचं असू शकतं बाबा. पाच भावांनी पाचच गावं मागितली, सुईच्या टोकाएवढी जमीन मिळाली नाही. बायकोची विटंबना झाली. समजूत घालायला देव स्वतः गेला, त्यालाही बांधायला निघाले. अशा वेळी हात जोडून बसणं हाही अधर्मच."

"म्हणजे असतं."

"थांब की, तुझ्या मडक्यागत लगेच फुटू नको. पहिल्या सकाळी दोन्हीकडच्यांनी नियम बांधले. नि:शस्त्राला मारायचं नाही. पाठीमागून मारायचं नाही. गदा कमरेखाली नाही. अठराव्या दिवसापर्यंत त्यातला एक धड राहिला नाही. दोन्हीकडून मोडले, आणि आपल्या बाजूनंही काही कमी नाहीत."

"पण देव आपल्या बाजूला होता."

"होता. आणि मांडीवर मार ही खूणही त्याच बाजूनं झाली." वाध्यारांनी इकडंतिकडं पाहिलं. "चौतीस वर्षं वाचतोय मी. त्या जागी आलो की तांब्या उचलून पाणी पितो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा घसा सुकला."

"उद्या कारभारी म्हणतो तसं सांगणार?"

"उद्या मी भरपूर पाणी पिणार," वाध्यार म्हणाले. "तू काय करणार?"

 वाध्यारांची एकांबरमला कीव आली, आणि कीव येताच स्वतःची किळस. हे निदान गप्प तरी बसत होते. आपण चाळीस वर्षं त्या जागी लाल पाणी भरत आलो.

संध्याकाळी राजा घडवून झाला. तेवढा देखणा राजा त्यानं कधी केला नव्हता. अंजलै हळद-चुन्याची घागर घेऊन आली, तर मांडी लिंपून गुळगुळीत झालेली.

"अहो, मडकं?"

"नाही पुरलं."

ती मटकन खाली बसली. तुमच्या आजोबांपासूनचा मान, ती म्हणाली. घाव पडल्यावर मांडीची पहिली मूठ कुंभाराच्या घरी यायची, मग गाव कणगीत टाकायला माती न्यायचं. "तो मान जाईल. अम्मनचे केस मोकळे राहतील. गावावर काय येईल ते येईल, तुमच्या एकट्याच्या ओकारीपायी!"

"जाईल तर जाईल."

"ओरडताना कुठं गेली होती ही अक्कल?"

 त्या ओरडण्याचाच तर काटा होता.

सकाळी मैदान भरलं. वाध्यारांनी तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवीनात. राजा धावला, गदावाला मागे धावला, घाव पडला. धूळ उडाली. दुसरा घाव. ढेकूळ सुटलं. तिसरा. मांडी फुटून आतली कोरडी माती दिसली. ढोल एकेक करत थांबले. मोकळ्या केसांचा अम्मनचा वेष हात पुढं करून तसाच उभा राहिला. काय करावं हे त्या नटाला कुणी शिकवलंच नव्हतं.

विदूषकानं सवयीनं तोंड उघडलं, "राजा अशक्त आहे हो, बीट खायला घाला..." पण कुणी हसलं नाही.

"एकांबरम!" कारभारी ओरडला. "रक्त कुठाय?"

"तळ्यावर सांडलं की, अण्णा." त्याचा आवाज बारीकच निघाला, पण शांततेत सगळीकडं पोचला. "पाठमोऱ्या, जेवत्या माणसाचं. मीपण 'अजून एक' म्हणून ओरडलो. भांडण आपलं खरं होतं, मार खोटा होता. त्याच मांडीतून अजून किती काढायचं?"

एक श्वासभर त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी खाली मान घालेल.

मग कारभाऱ्यानं पुजाऱ्याला खूण केली. पुजाऱ्यानं आरतीच्या ताटातलं कुंकू तांब्यात कालवलं आणि फुटक्या मांडीवर ओतलं. अम्मननं त्यात बोटं बुडवली. केस बांधले गेले. हजार माणसं एका घशानं ओरडली, दरवर्षीपेक्षा मोठ्यानं. आणि लोक मातीवर तुटून पडले, कोपरानं एकमेकांना ढकलत, पदरात, टोपलीत, मुठीत. पहिली मूठ एकांबरमच्या चुलतभावाला मिळाली. त्यानं ती कपाळाला लावली. इतकं सोपं होतं ते! एक तांब्या पाणी आणि चिमूटभर कुंकू. गर्दीतून बाहेर पडून एकांबरम निवडुंगापाशी ओकला. पोटात काही नव्हतं, तरी ओकत राहिला.

दुपारी तो बांध ओलांडून सेरनूरला गेला. सडैयनची म्हातारी आई अंगण झाडत होती. त्याच्या हातांना वाळलेला चिखल पाहूनच तिनं ओळखलं.

"मारणाऱ्यांत होतास?"

"ओरडणाऱ्यांत, माय."

तिनं झाडू उगारला नाही. बस म्हणाली नाही. "मग उन्हात उभा राहा," म्हणाली आणि झाडत राहिली. केराची धूळ त्याच्या पायांवर येत होती. तो हलला नाही.

आतून, दोन महिने सुटली नव्हती त्या बाजेवरून, सडैयनचा आवाज आला. "कोण आहे गं?"

"आलंपाडीचा कुंभार."



"विचार त्याला," सडैयन म्हणाला, "एक मांडी करून देतो का."