बोटाने फिरलेला नट

पुढच्या चाकाचा नट दोन बोटांनी फिरला. पाना नाही की जोर नाही, बरणीचं झाकण फिरावं तसा फिरला. बाईंनी शेजारचा नट धरून पाहिला, तोही फिरला.

फिटरने चाकं बसवून दिल्यापासून याच गाडीतून त्यांची सून तीन दिवस कामावर जात होती. मागच्या सीटवर बसून पाच वर्षांची नात शाळेला जात होती, आत्ताही पट्टा लावून बसलीच होती. ‘आई, डावीकडून कटकट आवाज येतोय,’ असं सून काल दोनदा म्हणाली, तेव्हा बाईंनी तिला उडवून लावलं होतं. ‘तुला तर पंख्याचाही आवाज येतो!’ म्हणाल्या होत्या.

“फिटरने नट आवळलेच नाहीत!” मुलगा ओरडला आणि त्याने फोन लावला. “आज सोडत नाही त्याला.”

“चांगला फैलावर घे,” बाई म्हणाल्या.

बाईंची बावीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात गेली, पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची पूड मारून ती भट्टीत भाजायच्या लाइनवर. पात्यावर मोहरीएवढी जागा रंगावाचून राहिली तरी त्यांना लांबून दिसायची, म्हणून सगळे त्यांना इन्स्पेक्टरीणबाई म्हणायचे. लोखंड उघडं दिसलं की पातं परत, असा तिथला नियमच होता. निवृत्त झाल्यावर बाईंनी एका बेकरीचा मोडीत निघालेला ओव्हन मागच्या खोलीत बसवला, पावडरची बंदूक घेतली आणि ओळखीपाळखीच्या गाड्यांची गंजकी लोखंडी चाकं रंगवायला सुरुवात केली. घरात बसून माशा मारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. जुना रंग औषधाने उतरवायचा, तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, धुऊन चाक एकदा नुसतंच तापवायचं म्हणजे मुरलेलं तेल जळून जातं, मग पावडर मारायची आणि भाजायचं. नट टेकतात त्या खोबणींत रबरी बुचं घालायची, हे पावडरच्या दुकानदाराने बजावलं होतं. बाई बुचं इमानेइतबारे घालत.

मुलगा फोनवर फिटरला झाडत होता तेवढ्यात बाईंनी सैल नट पूर्ण काढला. त्याच्या टोकाला करडा चुरा लागला होता. त्यांनी चाकाच्या खोबणीत बोट घातलं. आत रंग होता. दबलेला, तडकलेला, त्यांच्याच हातचा रंग.

बुचं घातली होती, हे खरंच. पण चाक ओव्हनमध्ये सरकवण्याआधी ती काढली की उघड्या लोखंडाच्या चार गोल जागा दिसायच्या, आणि बंदूक हातातच असायची. फुस्, फुस्! हाताने परस्पर उरकून टाकलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. जित्याची खोड, दुसरं काय! नट लोखंडावर टेकलेच नव्हते, रंगावर टेकले होते. गाडी धावली, रंग चुरडला आणि नट ढिले झाले.

त्यांनी मुलाच्या हातातून फोन ओढून घेतला. “ह्याचं ऐकू नकोस रे. तू नीटच आवळले होतेस. खोबणीत रंग मी मारलाय.”

फिटर म्हणाला, “दिसला होता मला, बाई. पण एवढ्या जाणत्या बाईला आपण काय शिकवायचं, म्हणून बोललो नाही. गाडी जागची हलवू नका, मी येतोच.”

सुनेने मुलीचा पट्टा सोडला आणि तिला उचलून घेतलं. ते बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“आई,” सून हळूच म्हणाली, “याआधी कुणाकुणाची चाकं केलीत तुम्ही?”

हा प्रश्न बाईंच्या डोक्यात आलाच नव्हता. शिंप्याची गाडी, दवाखान्यातल्या नर्सची गाडी आणि सख्ख्या धाकट्या भावाची. हात तर सगळीकडे तोच होता.

भावाचा फोन त्याच्या बायकोने उचलला. “ते गाडी चालवतायत, वन्सं. आम्ही हायवेवर आहोत. काही काम होतं का?”

“त्याला म्हणावं, कडेला घे आणि थांबव गाडी,” बाई म्हणाल्या. “का ते विचारू नकोस. आधी थांबवायला सांग. नंतर दोघं मिळून मला हव्या तेवढ्या शिव्या घाला.”