आईकडची माणसं

नकुशीचा गोकुळ लहानपणी खाली बसला की मांड्यांवर हात रोवत उठायचा, जणू स्वतःच्याच अंगावर चढतोय. पोटऱ्या पैलवानासारख्या, म्हणून लोकांना कौतुक. बाराव्या वर्षी पाय गेले. काखेत हात घालून उचललं तर तो निसटायचा. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागून, आणि भार आपल्या मांड्यांवर, हे तिचं तिनंच शिकून घेतलं. सणसवाडीच्या कंपनीत दिवसभर पेट्या उचलून आल्यावरही तिनं त्याला कधी ओढलं नाही, उचललंच. विसाव्या वर्षी तो गेला. नवरा त्याआधीच दुसरं घर करून बसला होता. यवतला दिलेल्या थोरल्या बहिणीनं, रंगुबाईनं, सगळं नकुशीच्या पापावर घातलं आणि तिला कार्याला बोलावणं बंद केलं. कोरेगाव भीमातल्या खोलीत नकुशी एकटी राहिली. कामही सुटलं.

एका दुपारी रंगुबाईची मुलगी समृद्धी दारात आली. तिला दिवस गेले होते.

"मावशी, घरात कुणाला काय आजार हाय का, डॉक्टरनी विचारलं. मी गोकुळदादाचं सांगितलं. माझ्यात ते असलं तर पोराला हुईल म्हणत्यात."

"आक्काला ठावं हाय, तू हितं आलेली?"

"हाय. तोंड फुगवून बसलीय. पण दवाखान्यात येतीय."

नकुशीनं पेटीतून गोकुळचा रक्ताचा रिपोर्ट काढला आणि दुसऱ्या दिवशी पुणं गाठलं.

दवाखान्यात मोनाली नावाची मुलगी अशा आजारांच्या घराण्यांचे तक्ते काढायची. समृद्धीच्या नवऱ्यानं, पृथ्वीराजनं, जातीच्या दाखल्यासाठी काढलेली वंशावळ ऐटीत तिच्यापुढं पसरली. खापरपणजोबापासून सगळे पुरुष.

"यात बायका कुठं आहेत?"

"बायका कशाला लागत्यात, मॅडम?"

"हा आजार आईकडून येतो. आणि ही तर तुमची वंशावळ. मला समृद्धीच्या आईचं माहेर हवंय."

पृथ्वीराजनं गुपचूप गुंडाळी केली.

मोनालीनं कोरा कागद घेतला. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. आजारी असेल तर चौकोन भरायचा, गेलेला असेल तर वर तिरकी रेघ. गोकुळचा चौकोन तिनं भरला, रेघ मारली. मग विचारलं, "तुमच्या आईला भाऊ होते?"

"एकच, खंडूमामा," रंगुबाई म्हणाली. "पोरवयात हिरीत पडून गेला. आमच्यात असलं काय न्हाई."

"हिरीपत्तुर चालत गेला व्हय तो, आक्का?" नकुशीनं विचारलं. "त्याला पाठुंगळी घिऊन परसाकडं न्यायला लागायचं. आईच सांगायची की."

"घराण्याला नाव नको म्हणून हिरीचं सांगायचे," रंगुबाई भिंतीकडं बघत म्हणाली.

मोनालीनं आणखी एक चौकोन भरला. मग दोघी बहिणींच्या आईच्या गोलात टिंब दिलं, नकुशीच्या गोलात टिंब दिलं. रंगुबाई आणि समृद्धीच्या गोलांत प्रश्नचिन्ह.

"टिंब म्हंजी काय, ताई?" नकुशीनं विचारलं.

"तुम्हाला त्रास नाही, पण आजार मुलाला जाऊ शकतो. तुमच्या आईकडून तुमच्यात आला. कुणाच्या केल्यानं नाही."

रंगुबाईनं हे ऐकलं. समृद्धीला हाताला धरून उठवलं. समृद्धीचं रक्त घेतलं. बाहेर पडल्यावर त्यांची गाडी सोलापूर रस्त्याला लागली, नकुशीची नगर रस्त्याला.

रिपोर्ट येईपर्यंत समृद्धीचा रोज फोन यायचा. भीती वाटली की ती गोकुळचं विचारायची. दादा पहिल्यांदा कधी पडला, शाळेत कोण न्यायचं, त्याला काय आवडायचं. गोकुळबद्दल इतकं नकुशीला कुणीच विचारलं नव्हतं. फोनसाठी ती स्वयंपाक लवकर उरकू लागली.

मग एका संध्याकाळी समृद्धी रडत रडत हसली. "मावशी, माझ्यात न्हाई."

"लई बरं झालं, बाई," नकुशी म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. त्यानंतरही नाही. पुढं डोहाळजेवण झालं. नकुशीनं ते मोबाईलवरच्या फोटोत बघितलं. पृथ्वीराज, दोन्हीकडच्या बायका, नव्या लुगड्यातली रंगुबाई. ओटी भरायला बाया पुष्कळ होत्या.

तिनं मोनालीला फोन लावला.

"ताई, मी नकुशी. आमच्या घरचं आजून काय इचारायचं ऱ्हायलंय का? खंडूमामाचं मला लई ठावं हाय."

"नाही मावशी, तुमचं काम झालं. रिपोर्ट चांगला आला ना."

"व्हय, आला," नकुशी म्हणाली. तिकडून फोन ठेवल्यावरही तिनं मोबाईल थोडा वेळ कानाला तसाच धरला.