चपला काढून विमानात

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते दाराबाहेरच्या चपलांसारखे असतात. सकाळी पाहावे तो दोन जोड, दुपारी पाहावे तो पायरीवर पाय ठेवायला जागा नाही! माझ्या दाराशी गेल्या दोन वर्षांत चपला आणि किस्से असे दोन्ही जमले. चपला रोज संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले.

कारण एवढेच की भंडाऱ्यात, माझ्या घराच्या तळमजल्यावर, एक विमान आहे.

दचकू नका, ते उडत नाही. पूर्वी तिथे आमच्या यजमानांचे पितळी भांड्यांचे गोदाम होते. ते गेल्यावर हॉल रिकामाच होता. मग एक दिवस नितीन सर आले. नागपूरच्या विमानतळावर विमानात सामान चढवून घेण्याच्या कामावर त्यांची सारी नोकरी झालेली. आपल्याकडच्या मुलांना हे काम शिकवावे, प्रवाशांची सुरक्षा आणि मालाची चढ-उतार असे दोन्ही, हा त्यांचा विचार. मी जुनी अकरावी मॅट्रिक. अट घालायची तर लिहूनच घालते. मी पुठ्ठ्यावर दोन अटी लिहून दारावर लावल्या: वर्ग वेळेवर सुरू होईल. चपला-बूट बाहेर काढले जातील.

सरांनी भंगारातल्या बसच्या सीटा आणून ओळीने बसवल्या, त्यांना पट्टे लावले आणि भिंतीवर पेंटरकडून गोल खिडक्या काढून घेतल्या. खिडक्यांतून ढग दिसायला हवेत, असे त्याला बजावले होते. त्याने ढग काढलेही, पण एका खिडकीत वैनगंगेचा पूल काढून ठेवला!

"अरे, विमानातून पूल इतक्या जवळ दिसतो का?" सरांनी विचारले.

"सर, भंडाऱ्यावरून जाऊन राहिलं न विमान? मंग पूल त दिसनच!"

पूल अजून तसाच आहे. त्याच खिडकीशेजारची जागा माझी.

०

मला जागा कशी मिळाली, तेही सांगते. मुले एकमेकांचे प्रवासी होत. सगळेच आज्ञाधारक! पट्टा बांधा म्हटले की बांधला, उठा म्हटले की उठले. सर वैतागून माझ्याकडे आले.

"बाई, खरे प्रवासी असे नसतात. मला कोणाचंही न ऐकणारं एक माणूस पाहिजे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?" मी विचारले.

सरांनी नजर जमिनीला लावली. दुसऱ्या दिवसापासून मी प्रवासी झाले.

०

वर्गात सोळा मुले. त्यांत प्रणाली म्हणून एक मुलगी होती. पवनीची, विणकरांच्या घरची. रोज एसटीने येई. अक्षर मोत्यासारखे, लेखी परीक्षेत कायम पहिली, गणवेशाला एक सुरकुती नाही. मला अशी माणसे आवडतात. घरून तिला एकच वर्ष मिळाले होते. वर्षअखेरीच्या प्रात्यक्षिकात पास झाली तर नोकरी, नाही तर मामाच्या साडीच्या दुकानात बसायचे, हे ठरलेले.

"साडी विणाची असली त मी विणीन, आजी," ती एकदा मला म्हणाली. "पण दिवसभर उलगडाची अन् दिवसभर घडी कराची? त्याच्यात काय विणल्या जाते?"

तिच्यात उणीव एकच होती. मोठ्या माणसापुढे तिला आवाज चढवता येत नसे. घरचे वळणच तसे. मला त्यात उणीव अशी दिसलीच नाही. ती सरांना दिसली.

०

पहिला प्रसंग ऑक्सिजनच्या मास्कचा. विमानात हवा कमी झाली की वरून मास्क खाली येतात. आधी स्वतःला लावायचा, मग शेजारच्याला. सरांनी हे फळ्यावर लिहिले, पाठ करून घेतले, आणि मग छताला दोरीने बांधलेले सगळे मास्क एकदम सोडले.

सोळाच्या सोळा मुले आपापले मास्क घेऊन माझ्याकडे धावली! माझ्या नाकावर तीन, कपाळावर एक.

"झालं!" सर खुर्चीत बसत म्हणाले. "आजी वाचल्या. तुम्ही सारे बेशुद्ध. आता विमानात कामाचं कोण उरलं?"

प्रणाली हळूच म्हणाली, "सर, आजीच्या आधी आपण कसं लावावं? घरी पाणीबी आधी मोठ्यायले देतो."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मुलीचे काय चुकले, ते मला अजूनही नीटसे सांगता यायचे नाही!

०

मालाच्या वर्गासाठी तुमसरच्या राइस मिलमधून तांदळाची पोती आणली जात. पोत्यांबरोबर सुखराम भाऊ येत. ते तिथले जुने हमाल. पोती उतरवली की निघून जाण्याऐवजी ते मागे भिंतीशी उभे राहून वर्ग ऐकत.

एकदा सर विमानाचा तोल शिकवत होते. माल कुठे ठेवला तर विमानाचे नाक वर जाते, कुठे ठेवला तर खाली, त्याची सूत्रे, बाण, आकडे. फळा भरला, मुलांची तोंडे उतरली.

"साहेब, रागावू नका," मागून सुखराम भाऊ म्हणाले, "पण हे त बैलबंडीच झाली न! मांगं जास्त भरलं का बंडी उलाळ होते, जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास लागते. पुढं जास्त भरलं का बैल खाली बसते. भार चाकावर आला पायजे."

सरांनी सगळा फळा पुसला आणि ते म्हणाले, "लिहून घ्या. भाऊंनी सांगितलं तेच आहे."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. सुखराम भाऊंनी टाळ्या संपू दिल्या, आणि मग विचारले, "एक सांगा साहेब. तिकडं चढाव लागला त मांगून ढकलाले कोण रायते?"

०

सामान तपासणीचा वर्ग होता. मी मुलाकडे पुण्याला निघाले आहे असे समजून खरोखरीची बॅग भरून आणायची होती. मी भरली, आणि नेहमी भरते तशीच भरली: लुगडी, लोणच्याची बरणी, देवाची काडेपेटी, खोबऱ्याच्या वाट्या.

विमानात सुके खोबरे नेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. त्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते म्हणे. साठ वर्षे मी खोबरे डब्यात ठेवते आहे. एकदाही पेटलेले नाही. पण नियम तो नियम, आणि नियमाची मला चीड नाही.

तपासायची पाळी प्रणालीची होती. तिने बॅग उघडली. एकेक वस्तू बाहेर काढली, पाहिली, माझ्यापेक्षा सुबक घडी घालून परत आत ठेवली, आणि चेन लावून हात जोडले.

"काय सापडलं?" सरांनी विचारले.

"काही नाही, सर."

"काडेपेटी?"

प्रणालीने बॅगेची चेन पुन्हा एकदा नीट ओढली.

"खोबरं? अख्ख्या चार वाट्या दिसल्या मला इथून!"

"ते आजीचं आहे, सर."

तिला शून्य गुण मिळाले. मला राग आला, आणि तो सरांचा नव्हे. ती घरी निघाली तेव्हा मी तिला थांबवले. "माझे म्हणून सोडतेस? विमान पेटले तर माझे म्हणून विझणार आहे का?" ती पायरीवरच्या माझ्या चपला सरळ करून गेली.

०

आवाजासाठी सरांनी तिला एक उपाय सांगितला. पवनीला रोज पहाटे घाटावर जायचे आणि नदीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असे ओरडायचे: "सामान सोडा! बाहेर पडा!"

आठवड्याने सरांनी विचारले, "गेला आवाज पलीकडे?"

"अर्ध्यात गेला, सर."

"अर्ध्यात म्हणजे?"

"मधात एक काका डोंग्यात बसून मासोळी धरत होते. त्यायनं जाळं पाण्यात सोडलं अन् काठावर आले. म्हणे, काय झालं बाई, कायले बोंबलून राहिली?"

सर आनंदाने उभेच राहिले. "वा! पाहा, माणसानं सामान सोडलं! बाहेर पडला! मग तू काय केलंस?"

"माफी मागितली, सर. अन् जाळं धुंडून देल्लं."

०

एकदा परवानगी काढून सरांनी मुलांना नागपूरला उभे असलेले खरे विमान दाखवायला नेले. परतल्यावर सर थेट माझ्याकडे आले, तेही तावातावाने.

"बाई, ही सारी तुमच्या पुठ्ठ्याची करामत! आम्ही जिना चढून आत गेलो. पाच मिनिटांनी खालून इंजिनिअर धावत आला. म्हणे, आत पूजा आहे काय? मी बाहेर डोकावतो तर जिन्यावर ओळीनं बूट! इंजिनाजवळ एक खिळा पडलेला चालत नाही हो, अन् इथं सतरा जोड!"

"मुले तर सोळाच आहेत," मी म्हणाले.

"मीही मोज्यांवरच होतो," सर म्हणाले.

मी त्यांना पाणी दिले. मग मला राहवेना, म्हणून विचारले, "जोडीने ठेवले होते ना?"

०

आणि मग प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला.

परीक्षक मॅडम बाहेरगावच्या. बोलणे मोजके, हातात स्टॉपवॉच. विमानाला आग लागली असे धरायचे आणि दीड मिनिटात सगळे प्रवासी बाहेर काढायचे. आमच्या हॉलचे मागचे दार अंगणापासून कमरेइतके उंच आहे. पूर्वी भांड्यांच्या पेट्या तिथून थेट गाडीत उतरत. त्या दाराला सुखराम भाऊंनी मिलमधली पोती घसरवायची रुंद फळी लावली, खाली माझ्या चार गाद्या अंथरल्या, आणि स्वतः शेजारी उभे राहिले. धुरासाठी सरांनी घमेल्यात ऊद जाळला.

"आजींना वगळू या," मॅडम म्हणाल्या.

"का बरे? विमानात म्हातारी माणसे बसत नाहीत का?" मी म्हणाले आणि खिडकीजवळ जाऊन बसले. पुलाच्या खिडकीजवळ.

मला नाटक जमत नाही. खऱ्या प्रवाशाला सामान सोडवत नाही, असे सर नेहमी सांगत. म्हणून मी माझ्या थैलीत खरोखरच माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट ठेवले होते. त्याची दुसरी प्रत नाही.

प्रणाली दारापाशी उभी राहिली. परीक्षेचा पूर्ण पोशाख हवा, असा मॅडमचा आग्रह, म्हणून तिच्या पायांत बूट होते. माझ्या हॉलमध्ये बूट! मी ते पाहिले. तिनेही मी पाहिलेले पाहिले.

घंटा झाली. ऊद चांगलाच पसरला. मुले एकामागून एक घसरत खाली गेली. मी दाराशी आले ती थैली छातीशी धरून.

"आजी," प्रणाली म्हणाली, "थैली ठेवता का जरा?"

"नाही ठेवत."

मागे तीन मुले खोळंबली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले. प्रणालीने माझ्याकडे पाहिले. तिच्या ओठांवर घाम आला होता. सारे वर्ष, ती साडीची दुकानदारी, सगळे त्या दारात येऊन उभे होते, आणि दार मी अडवले होते. पण मी थैली सोडली नाही. सोडली असती तर ती फसवणूक झाली असती.

"ए आजी!" अचानक हॉल दणाणला. "फेक थे थैली! हो भायेर!"

मला उभ्या आयुष्यात कोणी 'ए' म्हटलेले नाही. माझ्या सासूबाईंनीसुद्धा नाही. थैली कधी सुटली ते मला कळले नाही, मी गादीवर होते आणि सुखराम भाऊ म्हणत होते, "आले, बाई बी आले!"

शेवटी प्रणाली उतरली. मॅडमनी घड्याळ थांबवले आणि माझ्यापुढे प्रवाशाचा फॉर्म धरला. सूचना स्पष्ट होत्या का? मी लिहिले, होय. कर्मचाऱ्याचे बोलणे कसे होते? नम्र, ठीक, उद्धट.

"खरं लिहा हं, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मी दुसरे काही लिहीत नाही," मी म्हणाले, आणि 'उद्धट'वर खूण करून खाली सही केली.

प्रणालीचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून त्या पहिल्यांदाच हसल्या आणि सरांना म्हणाल्या, "सर, आगीत असंच बोलावं लागतं. या बॅचमधला हा पहिलाच 'उद्धट'. अभिनंदन!" आणि प्रणालीच्या नावापुढे त्यांनी 'उत्तीर्ण' लिहिले.

अंगणात एकच गलका झाला. सर रुमालाने डोळे पुसत होते. ऊद लागला, असे ते म्हणाले. त्या गडबडीत मला माझ्या थैलीची आठवण झाली. मी पदर खोचला, घराला वळसा घालून पुढच्या दाराशी आले आणि पायरी चढू लागले.

दारात प्रणाली माझ्याआधीच येऊन दोन्ही हात आडवे करून उभी होती. बूट घालूनच.

"अगं, सरक. परीक्षा संपली," मी म्हणाले. "आत माझे मॅट्रिकचे सर्टिफिकेट आहे."

तिने मागे वळून त्या धुराकडे एकदा पाहिले, आणि जागची न हलता म्हणाली,

"कोणी आत जायचं नाही. विमान जळून राहिलं न, आजी!"