टोकन न घेता दिलेली किल्ली

नांदेडच्या बाहेरच्या रस्त्याला आता मोठमोठी मंगल कार्यालयं झाली आहेत. दारात गाडी थांबवायची, किल्ली तिथल्या माणसाच्या हातात द्यायची आणि आपण अंगावर गुलाबपाणी शिंपडून घेत आत जायचं. तो माणूस गाडी मागच्या मोकळ्या शेतात नेऊन लावतो. आमच्या लातूरलाही हे आलं आहे. लोकांना त्यात मोठेपणा वाटतो. मला आपली गाडी अनोळखी माणसाच्या हातात जाताना दिसते, एवढंच.

म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. घराच्या किल्ल्या जुडग्यातून काढायच्या आणि एकटी गाडीची किल्ली द्यायची. पाकीट, चष्मा, औषधं पर्समध्ये. गाडीचा चारी बाजूंनी फोटो, आकडा किती किलोमीटरवर आहे त्याचाही. टोकन हातात पडल्याशिवाय किल्ली सोडायची नाही. हे सगळं करताना आमचे हे बाजूला उभे राहून गंमत बघतात. "बँकेच्या लॉकरमध्येच ठेवून येऊ का गाडी?" असंही विचारून झालं आहे.

यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही दोघं सकाळी लातूरहून निघालो. हे नवरीचे सख्खे मामा. मामाने आणलेली पिवळी साडी नेसून नवरी गौरीहराशी बसते, आणि मामाच तिला हाताला धरून मांडवात आणतो. या एका साडीसाठी आमच्या घरात महिनाभर चर्चा झाली होती. चुरगळू नये म्हणून ती खोक्यात घालून डिक्कीत आडवी ठेवली होती.

कार्यालयाच्या दारात पोचलो तोच माझी नणंद, नवरीची आई, समोरून धावत आली. "वहिनी, किती उशीर! पूजेचं ताट कुणाला लावता येईना, चला आधी!" मी किल्ल्या वेगळ्या केल्या, फोटो काढले आणि यांना दोनच कामं सांगितली. टोकन घ्या. डिक्कीतलं खोकं घ्या. "हो, कळतं मला," असं उत्तर आलं.

अर्ध्या तासाने मी नवरीच्या खोलीत होते. हे रिकाम्या हाताने दारात उभे राहिले.

"खोकं?"

"गाडीत राहिलं. आणतो की. मला वाटलं, तू घेतलंस."

"टोकन द्या, मीच आणते."

यांनी घसा साफ केला. मग सगळं बाहेर आलं. किल्ली घेणारा चाळिशीचा, मिशीवाला, चांगला बोलणारा माणूस होता. यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे विचारलं, कोणत्या गावचे? तो म्हणाला, चाकूरजवळचा. चाकूर माझं माहेर. झालं. "म्हणजे आमचे मेव्हणेच निघालात!" असं म्हणून यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यानेही लगेच "दाजी, दाजी" सुरू केलं. कोणाची मुलगी कुठे दिली, कोणाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो, सगळं झालं. शेवटी तो टोकन द्यायला लागला, तर हे म्हणाले, "मेव्हण्याकडून टोकन घ्यायचं का आता?"

आम्ही दोघं बाहेर पळालो. मेव्हणा नव्हता. वऱ्हाडाला आणायला दुसऱ्याची गाडी घेऊन स्टेशनवर गेला होता. किल्ल्यांच्या फळीपाशी सफारी घातलेला एक गृहस्थ खुर्ची टाकून बसला होता.

"टोकन?"

"टोकन नाही घेतलं. ते आमचे पाहुणेच आहेत," हे म्हणाले.

"कोण पाहुणे? नाव सांगा."

मेव्हण्याची धाकटी बहीण निलंग्याला दिली आहे, हे यांना ठाऊक होतं. त्याच्या विहिरीला पाणी किती, तेही ठाऊक होतं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

"पांढरी गाडी आहे," हे म्हणाले.

"साहेब, समद्या पांढऱ्याच हायत."

मी नंबर सांगितला, मोबाइलमधले फोटो दाखवले. तो म्हणाला, "बाई, नंबर आन फोटो कुणीबी आणंल. कागद दाखवा." कागद गाडीत होते. माझा राग त्याच्यावर नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही किल्ली दिली नसती.

तेवढ्यात आतून नणंदेचा निरोप आला. गुरुजी घाई करत होते, आणि यांचे चुलत भाऊ पिवळी साडी घेऊन दारात उभे होते. "अडीअडचणीला असावी म्हणून आणली," असं म्हणत होते. या माणसाला गेली वीस वर्षं कुणाचा तरी पहिला मामा व्हायचं आहे. यांचा चेहरा एवढासा झाला.

"असं करू," मी सफारीवाल्याला म्हटलं, "तुम्ही स्वतः चला, डिक्की तुम्हीच उघडा. आत काय आहे ते मी आधी सांगते. एक वस्तू चुकली तर किल्ली देऊ नका."

त्याला ते पटलं. आम्ही शेतात गेलो, मागे फुकटची करमणूक म्हणून चारपाच पाहुणे आले. मी डिक्कीपासून लांब उभी राहून सांगायला लागले. नणंदेसाठी तुरीच्या डाळीचं गाठोडं. त्याला टेकून साडीचं खोकं. यांचा कमरेचा पट्टा. केस काळे करायचं पाकीट, अर्धं वापरलेलं.

"अगं, ते कशाला सांगतेस!" हे पुटपुटले.

"अन् डाव्या पायाची एक चप्पल."

डिक्की उघडली. सफारीवाल्याने वाकून पाहिलं. "एकच चप्पल हाय? दुसरी कुठं हाय?"

"ती घरी आहे. म्हणून तर ही फेकत नाहीत."

पाहुणे हसले, तोही हसला आणि खोकं त्याने स्वतःच्या हाताने यांना दिलं. हे धोतर सांभाळत असे पळाले, की गेल्या दहा वर्षांत मी यांना पळताना पाहिलं नव्हतं. मी मागे राहून डिक्की लावली आणि टोकन घेतलं.

मी खोलीत पोचले, तर चुलत मामांची साडी घडी न मोडता पलंगावर पडलेली. भाची हळदीच्या साडीतच बसून होती. गुरुजींचा तिसरा निरोप येऊन गेला होता, आई ओरडून दमली होती.

"नेसली का नाहीस ती?" मी विचारलं.

"मामा आणतो म्हणला होता की," ती म्हणाली. "मग दुसरी कशाला नेसू?"

हे कोपऱ्यात तोंड फिरवून उभे राहिले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले.

"ते नंतर पुसा," मी म्हटलं. "आधी बाहेर व्हा, पोरीला साडी नेसवायची आहे."