आबांच्या बत्तीतली चिप

आमच्या घरात हुशारी मार्कांवरून ठरते. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी तालुक्याच्या शाळेत आजोळी शिकलो, पुढे सुरतेत बी.एस्सी. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. हे सगळं आबांच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावरच्या मजुरीवर झालं, याची जाण मला आहे. म्हणूनच गेल्या वर्षी त्यांच्या बत्तीचं काम मी जरा जास्तच मनावर घेतलं.

झालं असं की आबांच्या कापडात दोनदा सरळ रेघ पडली. लूमवर ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली आणि वेळेत दिसली नाही, की अशी रेघ पडते. कारखान्याच्या शेठने आबांना सांगितलं, "काका, हवे तमे बॉबिन पर बेसी जाओ." बॉबिन भरायला बसायचं म्हणजे लूम सोडायचं. डोळे तपासून झाले होते, चष्मा नवा होता. पण मशीनच्या मागच्या बाजूला, ताण्याखाली, ट्यूबलाइटचा उजेडच पोहोचत नव्हता. आबांनी काळ्या धाग्याचं नवं बीम, म्हणजे ताण्याचा रूळ, चढून पहिलं कापड उतरेपर्यंतची मुदत मागून घेतली.

मी त्यांना झूमची बत्ती, म्हणजे टॉर्च, आणून दिली. तोंड पुढे ओढलं की झोत बारीक होतो, मागे ढकललं की पसरतो. पण तिच्यातली एलईडी मिणमिणती. ती काढून दुसरी चिप बसवायची ठरवली आणि मी आमच्या घरच्या रीतीप्रमाणे सगळ्यात जास्त मार्कांची निवडली, म्हणजे जिच्या उजेडाचा आकडा सर्वांत मोठा.

रविवारी दार-खिडकी लावून, झूम पूर्ण ओढून मी झोत भिंतीवर टाकला. भिंतीवर चार लख्ख चौकोन उमटले आणि त्यांच्या मधोमध काळी फुली. त्या चिपमध्ये चार तुकडे शेजारी-शेजारी होते आणि समोरचं भिंग त्यांचं चित्र जसंच्या तसं भिंतीवर पाठवत होतं.

आबा बघतच राहिले. "आख्खी जिंदगी एक खोलीमा गयी," ते म्हणाले, "पोऱ्यानी भितवर चार खोल्या बांधी दिन्यात!"

माय भाकरी थापत होती. "पैकीच्या पैकी मार्क लिसन काय उजेड पाडा?" तिने न वळता विचारलं.

मी भिंगाचं शास्त्र समजावू लागलो. आबांनी अगदी गंभीरपणे मान डोलावली आणि मग विचारलं, "मंग तार त्या फुलीमा गयी तर?" मी बत्ती विझवून चिप काढायला घेतली.

दुसरी चिप एकाच तुकड्याची घेतली, मुद्दाम लहान. भिंतीवर एकच नेटका चौकोन पडला. मी खूश. पण तिचा उजेड निळसर पांढरा. आबांनी कारखान्यातून आणलेले काळे पॉलिस्टरचे धागे खिडकीच्या गजांना ताणून बांधले होते. त्यांच्यावर झोत टाकताच सगळेच चांदीसारखे चमकायला लागले. तुटका कोणता आणि धड कोणता, देव जाणे. मायला ते फार आवडलं. म्हणाली, लग्नाच्या मांडवात लावा.

शेवटी मी आकडे बाजूला ठेवले आणि तिसरी चिप मागवली. तीही लहान, एकाच तुकड्याची, पण उजेड किंचित पिवळा, रंग खरे दाखवणारा, आणि आकड्यात तिघींमध्ये सगळ्यात मागे. आबा पाठ करून उभे राहिले. मायने कात्रीने एक धागा कापला आणि वर साळसूदपणे मला म्हणाली, "तू सांगू नको हां, शिकेल माणसं लगेच उत्तर सांगतस."

आबांनी झोत बारीक करून एका टोकापासून सावकाश सरकवला. मध्ये एकदा थांबले, पुढे गेले, परत मागे आले.

"सापडनी," ते म्हणाले. धाग्याचं टोक त्यांच्या चिमटीत होतं.

बीम चढलं. पहिलं कापड उतरलं तेव्हा शेठने ते स्वतः उजेडात धरून पाहिलं. रेघ नव्हती. बॉबिनचं नाव त्याने काढलं नाही, उलट बत्ती हातात घेऊन तशीच एक स्वतःसाठी मागत म्हणाला, "काका, आवी एक मने पण लावी आपो."

"दीकरो दुकानदार नथी, ग्रॅज्युएट छे," आबांनी माझ्याबद्दल त्याला सुनावलं. घरी येऊन त्यांनी हे आम्हाला दोनदा सांगितलं. मग जेवायला बसल्यावर जरा खाकरून मला म्हणाले, "करी दे त्याले बी एक. मालक माणूस शे."

मी होकार दिला.

"पन झोत," आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आपलापेक्षा थोडा कमीच ठेव."