टीकेतला एक शब्द

आमच्या घरी रोज दिवेलागणीला टीका होत असे. हिंदीत टीका म्हणजे लस; त्यामुळे शेजारच्या हिंदी मुलांना वाटे, यांना घरात रोज सुई टोचतात, आणि ती माझी कीव करत. मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण कीव आली की ती पेरू देत. आमची टीका म्हणजे बायबलवरचं जुनं मराठी भाष्य. जाडजूड पुस्तकं, आजोबांकडून आलेली. बाबा जंगल खात्यात बैहरला होते तेव्हा ती लाकडी पेटीतून तिकडे गेली आणि बालाघाटला घर बांधल्यावर परत आली. उपासना हिंदीत, शाळा हिंदीत. मराठी आमच्याकडे आई आणि टीका या दोघींनीच टिकवली.

बाबांचं वाचन म्हणजे बैलगाडी. ‘यास्तव’ आलं की थांबायचे, चष्मा पुसायचे, आम्हाला कळलं का ते बघायचे. आम्हाला चुलीवरच्या भाजीचा वास तेवढा कळे. आज तो संथ आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून जीव तुटतो. तेव्हा ‘आमेन’ कधी होतं एवढीच घाई असायची.

एक प्रकरण मात्र बाबा कधी वाचत नसत. देव आपल्याच लेकरांना शिक्षा का करतो, याबद्दलचं. माझी धाकटी बहीण तापाने गेली होती. आईने तिला घरीच ठेवून उशाशी प्रार्थना केली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. लेकरू गेलं ही आपल्याला मिळालेली शिक्षा, हे आईने मनात पक्कं धरलं. पाळक समजावून थकले, बाबाही थकले. मग ते ती पानं गुपचूप उलटत. आईला ते कळे, पण ती बोलत नसे.

बाबा गेले. आईची नजर अधू झाली आणि वाचन माझ्या बायकोकडे आलं. ती छिंदवाड्याकडची, अस्सल हिंदी घरातली. ‘ळ’शी तिचं कधी जमलं नाही, मंडळीची ती बिनदिक्कत ‘मंडली’ करते. आई हसायची, पण वाचून घ्यायची तिच्याकडूनच. मी वाचायला बसलो की झोप येते म्हणायची.

ती पानं उलटायची असतात, हे बायकोला कोणी सांगितलंच नव्हतं. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिने ते प्रकरण काढलं आणि दोन ओळी वाचल्या. आईने हात वर केला.

“बंद कर. ते मी भोगून राह्यली.”

बायको गोंधळली. “काहून, आई? शिक्षा तर अच्छी चीज आहे ना? ज्याच्यावर देव प्रेम करते, त्याले तो शिकवते.”

हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण. तिला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, तर आईने माझा गुडघा दाबला. मग तिने सुनेला विचारलं, “मंग मले काय शिकवलं त्यानं?”

“मले काय मालूम,” बायको म्हणाली. “पण मोहल्ल्यात कोणाच्याही लेकराले बुखार आला, की तुम्ही चप्पल न घालता धावता. धड दिसत नाही, तरी त्याले दवाखान्यात नेल्याशिवाय बसत नाही. असं दुसरं कोण करते?”

खरंच होतं ते. इतकी वर्षं मी आईची ती धावपळ बघत होतो, तिच्या या सवयीवर चिडतही होतो, पण ती कुठून आली हे मला कधी सुचलं नव्हतं. आई रडली. मीही रडलो. मग “वाच” म्हणाली, आणि ते प्रकरण तिने शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेल्यावर मी आईजवळ विषय काढला. सुनेला त्या शब्दाचा खरा अर्थ सांगायला हवा, उद्या मराठी पाहुण्यांत कुठे बोलली तर हसं होईल, असं म्हणालो.

“मराठी मलेही येते,” आई म्हणाली. “पण तिले सांगू नको. त्या एका शब्दापुरती मले तिचीच हिंदी राहू दे.”