करडाचा जंतू, मामाचा ताप

वाकोल्याला मामाच्या खोलीमागे पत्र्याच्या आडोशाला एक शेळी बांधलेली असे. गिरणी बंद पडल्यावर मामा रखवालदार झाला, पण गावची जनावरांची ओढ सुटली नव्हती. एका उन्हाळ्यात शेळीच्या करडाला हगवण लागली. मामाने त्याला मांडीवर घेऊन पेज पाजली, तरी ते गेलं. आठवड्याभरात मामा तापाने फणफणला. इस्पितळात नेलं तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता.

मी तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएससी करत होते. मामाच्या रक्तात साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. करडाखालच्या गोणपाटावर वाळलेल्या विष्ठेतही मला तोच मिळाला. मला वाटलं, उत्तर सापडलं.

आमच्या मॅडम म्हणाल्या, "शेळ्यांच्या पोटात हा जंतू असतो गं, आणि त्या मजेत चरत असतात. मग हाच का जिवावर उठला? देवनारच्या कत्तलखान्यातून धडधाकट शेळीतला आण. मग दोन्ही शेजारी ठेवून बघ."

आणला. काचपट्टीवर दोन्ही सारखे, वाढ सारखी, सगळ्या चाचण्यांची उत्तरंही सारखी. मग उंदरांना टोचले. देवनारच्या जंतूचे उंदीर दाणे खात राहिले. मामाच्या जंतूचे अंगावरचे केस पिंजारून कोपऱ्यात गोळा झाले आणि एकेक करून मेले. पिंजरा धुताना मला इस्पितळातली मामाची खाट दिसत होती.

फरक दिसला तो दोघांचा डीएनए जेलच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहाने पळवल्यावर. मामाच्या जंतूत, आणि करडाच्याही, एक पट्टा जास्त होता. मुख्य गुणसूत्रापासून वेगळं, डीएनएचं एक लहान वर्तुळ. प्लाझ्मिड म्हणतात त्याला. जंतू जास्त उष्णतेत, एका रंगद्रव्यात वाढवला की कधीकधी त्याच्याकडून ते हरवतं. बऱ्याच खटपटीनंतर तसा एक हाती लागला. तो टोचलेले उंदीर जगले. तेच वर्तुळ त्याच्यात परत घातलं, तेव्हा पुन्हा मेले. त्या संध्याकाळी मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला आनंद झाला होता, पण मेलेल्या उंदरांसमोर तो दाखवावासा वाटेना.

मामा वाचला. घरी आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मी त्याला सगळं सांगितलं. 

"म्हणजे जंतू मुळात वायट नाय?" त्याने विचारलं.

"अगदी तसंही नाही. त्या तुकड्यातली जनुकं त्याला शरीरात तग धरायला मदत करतात. ती नसली की आपलं रक्त त्याला आवरतं."

"आणि तो तुकडो तेच्याकडे इलो खंयसून?"

"दुसऱ्या एखाद्या जंतूकडून आला असेल. ते एकमेकांना देतात."

"आणि त्या दुसऱ्याक कोणी दिलो?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही, मामा."

त्याने मान हलवली. मामी आतून म्हणाली, "आता शेळी विका." मामाने विकली, पण गिऱ्हाईक तिला घेऊन गेलं तेव्हा तो बाहेर आला नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याने मला विचारलं, "त्या करडाक पेज पाजली नसती तर?" मी म्हटलं, "तर ताप कदाचित आला नसता." तो म्हणाला, "पण न पाजता कसा बसणार होतंय?"